कुरणावरची दुर्बीण

भिलईत आयुष्य काढलं असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, कोणत्या खात्यात होता? कोक ओव्हन, ब्लास्ट फर्नेस की रोलिंग मिल? मी गाईंच्या खात्यात होतो असं म्हटलं की तो हसतो. त्याला वाटतं, म्हातारा थट्टा करतोय. पण कारखाना उभा राहत होता त्या सगळ्या वर्षांत वितळलेलं लोखंड मी जेमतेम दोनदा पाहिलं असेल, तेही गावाकडचे पाहुणे हट्टाला पेटले म्हणून. बाकी सगळी नोकरी शेणामुतात गेली आणि मला त्याचं तिळमात्र वाईट वाटत नाही.

लोखंड बनवणाऱ्यांना चहा लागतो आणि चहाला दूध लागतं. देशभरातून माणसं येऊन पडली होती, त्यांची पोरंबाळं होती, आणि दूध मिळत नव्हतं. म्हणून वसाहतीसाठी एक डेअरी निघाली. मी तुमसरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. नागपुरात स्टॉकमनचं शिक्षण घेतलेलं, म्हणजे गुरांच्या डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. थोरले भाऊ दुर्गला रेल्वेत होते, त्यांनी कळवलं की इथे जागा निघून राहिल्या, ये. मी आलो तो कायमचाच. आता इथल्याच हुडको कॉलनीत राहतो, नातवंडं माझ्याशी हिंदीत बोलतात आणि मी त्यांच्याशी रागावलो की मराठीत.

डेअरीच्या गाई चरायच्या त्या जमिनीला आम्ही कुरण म्हणत असू, पण ते कोणी राखलेलं कुरण नव्हतं. कारखान्यासाठी गावं उठली होती. घरं गेली, बांध राहिले, शेतं पडीक झाली आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्यावर कमरेइतकं गवत माजलं. कुंपण कुठेच नव्हतं. एका अंगाला नंदिनीच्या खाणीतून चुन्याचा दगड आणणारी रेल्वेलाइन, दुसऱ्या अंगाला ट्रकांचा रस्ता, आणि मधे जिकडेतिकडे भरावासाठी माती काढलेले खड्डे. जमीन रोज बदलायची. काल गाई ज्या वाटेनं घरी आल्या त्या वाटेवर आज खड्डा असायचा. आमच्या बऱ्याच गाई त्याच उठलेल्या गावांतून विकत घेतलेल्या. त्यांना काय कळणार सरकारनं जमीन घेतली म्हणून? चरता चरता त्यांचे पाय जुन्या गोठ्याकडे वळत, आणि जुना गोठा जिथे होता तिथे आता क्रेन उभी असे.

एका पावसाळ्यात पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात दोन गाई गेल्या. दोन्ही दुभत्या होत्या. आमचे मॅनेजर फौजेतून निवृत्त झालेले पंजाबी गृहस्थ होते, सगळे त्यांना मेजरसाहेब म्हणत. आयुष्यभर फौजेच्या घोड्यांत राहिलेला माणूस, गाय मेली की त्यांचं दोन दिवस जेवणावर लक्ष नसे. मी त्यांना म्हटलं की गुराखी चार आणि कुरण एवढं मोठं, चारही कळपांवर एका जागेवरून नजर ठेवता आली तरच निभाव लागेल. मुरमाचं एक उंच टेकाड होतं, त्यावर दुर्बीण घेऊन माणूस बसवावा. साहेबांचा चेहरा खुलला. दुर्बीण म्हटल्यावर त्यांना पलटण आठवली असावी. त्यांनी दुर्बीण निवडायचं काम माझ्याच गळ्यात घातलं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "गाई म्हंजे का सिनेमा होय, दुर्बीण लावून पाहाले?"

मला तेव्हा दुर्बिणीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ज्यांना आजही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसेल, आणि दुसरा म्हणजे पुढच्या काचेची रुंदी, मिलिमीटरमध्ये. नवखा माणूस पहिला आकडा पाहतो आणि मोठा तेवढा चांगला असं समजतो. मीही तसंच समजलो. रायपूरच्या एका दुकानदारानं कलकत्त्याहून मागवून दहा बाय पन्नासची एक दुर्बीण दाखवायला पाठवली. आमचा आनंद गगनात मावेना. टेकाडावर चढून डोळ्याला लावली तर गाय दहा पट जवळ आली खरी, पण माझ्या हाताचा कंपही दहा पट झाला. गाय चरतेय की नाचतेय ते कळेना. शिवाय एवढ्या जवळून बघायचं म्हणजे दिसणारा तुकडा लहान होतो. एक गाय दिसली की बाजूची हरवते, मग तिला शोधत फिरा. आणि वजन इतकं की दुपारपर्यंत मान अवघडून गेली. फौजेत किंवा जहाजावर ती ठीक, दिवसभर गळ्यात अडकवून गुरं राखायची तर अगदीच निकामी.

मग नागपूरला गेलो होतो तेव्हा कामठीच्या बाजूला फौजेचा जुना माल विकणाऱ्याकडे पाहिलं. त्याच्याकडे दुर्बिणींचा ढीग होता. बाहेरून पितळ चकचकीत घासलेलं, आत डोकावलं तर काचेवर बुरशीची जाळी. पावसाळ्याची ओल एकदा आत शिरली की ती दुर्बीण गेली. विक्रेता म्हणाला, हे धुकं बाहेरचं आहे. भर उन्हात, वैशाखात तो मला धुकं दाखवत होता. तिसरी एका ठेकेदारानं कौतुकानं आणून दिली. शिंपल्याची मूठ असलेली, नाटक बघायची. ती साहेबांच्या पत्नींना फार आवडली, पण तिच्यातून आमच्या गाई होत्या तिथेच राहिल्या.

या सगळ्या खटाटोपातून एवढं शिकलो की रोजच्या वापराची दुर्बीण हलकी हवी, हात न टेकता धरता यावी, कळप एका नजरेत मावावा, आणि ओल आत जाऊ नये. संध्याकाळी गाई परततात तेव्हा उजेड उतरलेला असतो, म्हणून पुढची काच फार लहानही नको. असं सगळं एका जागी सापडलं ते एका रशियनाच्या गळ्यात.

त्या दिवसांत कारखान्यात रशियन तज्ज्ञ पुष्कळ होते. त्यातले निकोलाय नावाचे एक उंच, तांबूस गृहस्थ सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येत. खेड्यात वाढलेले असावेत. आल्याबरोबर गोठ्यात जायचे, गाईच्या पोटावर थाप मारायचे, आणि धारोष्ण दूध उभ्या उभ्या प्यायचे. हिंदीचे शब्द त्यांना फार थोडे येत, त्यात 'गाय' आणि 'अच्छा' हे दोन पक्के. एवढ्यावर आमच्या तासन्‌तास गप्पा चालत. पक्षी बघायला त्यांनी आपल्या देशातून आठ बाय तीसची एक काळी दुर्बीण आणली होती. मी ती डोळ्याला लावली आणि मला बाकी कोणतीच नको झाली. आख्खा कळप एका गोलात, स्वच्छ, आणि हात हलला तरी चित्र फारसं हलत नव्हतं.

तिची एक गंमत होती. बऱ्याच दुर्बिणींना मधे एक चाक असतं, ते फिरवून नजर जुळवतात. हिला चाक नव्हतं. दोन्ही डोळ्यांच्या नळ्यांना वेगवेगळी कडी होती, आणि कड्यांवर शून्याच्या एका बाजूला अधिकाचे, दुसऱ्या बाजूला उण्याचे आकडे कोरलेले. आपापल्या डोळ्याप्रमाणे एकदा जुळवायचं, मग दूरच्या गाईंना दिवसभर हात लावावा लागत नाही. गुराख्याला याहून सोयीचं काय असणार?

निकोलाय मायदेशी परत जाणार होते. साहेबांनी खुणांनी विचारलं, विकता का? ते नाही म्हणाले, पण लगेच गोठ्याकडे बोट दाखवून मानेभोवती हात फिरवला. त्यांना चांदीच्या गळ्यातली लाकडी घंटा हवी होती.

चांदी ही डोमाजीच्या कळपाची म्होरकी गाय. डोमाजी हा आमच्या चार गुराख्यांपैकी एकटाच मराठी माणूस, गोंदियाकडचा गोवारी. बाकीचे तिघे इथलेच राऊत, म्हणजे छत्तीसगढकडचे गुराखी. गुरं राखणं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. वयस्क, सडपातळ, कमी बोलणारा, आणि त्याच्या कळपातली गाय कधी इकडची तिकडे व्हायची नाही. त्या दोन गाई बुडाल्या त्याही त्याच्या नव्हेत. घंटा त्यानं स्वतः कोरलेली होती. तिचा आवाज जड आणि खोल, वारं बरं असलं तर कुरणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा.

साहेबांनी सौदा कबूल केला. लाकडाच्या घंटेच्या बदल्यात रशियन दुर्बीण, यात विचार कसला करायचा! डोमाजीला बोलावलं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबूजी, ते घंटा नोका देऊ. मी त्याइले नवी करून देतो, याच्याहून सुंदर." मी विचारलं, कावून बा? तो पुन्हा तेच, नवी करून देतो. निकोलायना नवी नको होती, त्यांना त्याच आवाजाची हवी होती. शेवटी डोमाजीनं स्वतःच ती सोडून आणून दिली. निकोलायनी ती कानाशी हलवली, डोमाजीला मिठी मारली, आणि दुर्बीण माझ्या हातात ठेवली.

मग आमचं राज्य सुरू झालं. टेकाडावर एक छपरी बांधली. मी, आणि कळप बसला असेल तेव्हा पाळीनं एकेक गुराखी, तिथे बसून नजर ठेवायचो. दुर्बिणीतून बघणं ही शिकायची गोष्ट आहे. आधी उघड्या डोळ्यांनी जागा धरायची, नजर तिथून न हलवता दुर्बीण वर आणायची. नाहीतर माणूस आभाळात शोधत बसतो. कळपात प्रत्येक गाय बघायची नसते. वेगळी उभी असलेली बघायची. व्यायला आलेली गाय कळप सोडते, शेपटी धरल्यासारखी वर ठेवते, सारखी मागे वळून बघते. कावळे एका जागी जमले की तिथे काहीतरी आहे. आणि काच धोतराच्या सोग्यानं कधीही पुसायची नाही. आमच्याकडे चुन्याची धूळ, ती आधी फुंकून टाकायची, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात. हे शेवटचं शिकवायला मला फार घसा कोरडा करावा लागला.

राऊतांना दुर्बिणीचं कौतुक आठवडाभर टिकलं. डोमाजीचं टिकून राहिलं. त्याची पाळी संपली तरी तो ती सोडत नसे. एकदा तासभर तो लांबच्या तारेवर बसलेला नीळकंठ पाहत होता, आणि तोंड उघडं पडलेलं. आम्ही हसलो. म्हाताऱ्याला खेळणं मिळालं म्हणालो.

त्याच सुमारास त्याचा कळप फुटायला लागला. आज एक गाय लाइनीवर, उद्या दोन ट्रकच्या रस्त्यावर. ज्याच्याबद्दल कधी तक्रार नव्हती त्याच्या गाई आम्ही रोज टेकाडावरून ओरडून परतवू लागलो. चांदीच्या गळ्यात त्यानं नवी घंटा बांधली होती, पण ओल्या लाकडाची, तिचा आवाज हाताच्या अंतरावर मरायचा. तसा आवाज यायला घंटेवरून दोन पावसाळे जावे लागतात. आम्ही कोणी घंटेचा विचारच केला नाही. राऊतांपैकी एकानं म्हटलं की डोमाजी मोहाची प्यायला लागलाय, आणि ते सगळ्यांना पटलं. त्याला विचारलं तर त्यानं नाही म्हटलं नाही. साहेबांनी त्याला सर्वांसमोर ताकीद दिली, आणखी एक गाय हरवली तर बोरियाबिस्तर बांधायचा.

दसरा होऊन गेला होता. दुपारच्या मोजणीत डोमाजीच्या कळपात काजळी नावाची गाभण गाय कमी भरली. साहेब स्वतः टेकाडावर आले. डोमाजीला शोधायला पाठवलं होतं, तो खाली गवतातून हाका मारत फिरत होता. मी दुर्बीण फिरवत गेलो, आणि कावळ्यांमुळे मला काजळी सापडली. मातीच्या एका खड्ड्याच्या बांधाशी ती उभी होती, पायाशी नुकतं झालेलं वासरू, आणि ती ते चाटत होती. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्याच गोलात डोमाजी आला. बांधावरून चालत आला, थांबला, कपाळावर हात धरला, आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. मधे झाड नाही, झुडूप नाही. काजळीनंही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आणि डोमाजी वळून दुसरीकडे चालायला लागला.

साहेबांनी दुर्बीण माझ्या हातातून घेतली. त्यांनीही ते पाहिलं. दुर्बीण खाली करून ते म्हणाले, "नशे में है."

मला त्या क्षणी एक गोष्ट लख्ख कळली, जी मी महिनाभर रोज हातात धरत होतो. टेकाडावर दुर्बीण ज्याच्याकडून माझ्याकडे येई त्याच्या डोळ्याची जुळणी कड्यांवर तशीच राहिलेली असे. राऊतांनंतर कडी शून्याच्या आसपास असत. साहेबांनंतर थोडी अधिकाकडे. आणि डोमाजीनंतर दर वेळी दोन्ही कडी पार उण्याच्या टोकाला, याहून पुढे फिरणारच नाहीत अशी. मी कपाळाला आठ्या घालून ती परत फिरवत असे, आणि मनात म्हणत असे, हा माणूस खेळत बसतो. मी साहेबांना कडी दाखवली, सगळं सांगितलं. प्यायलेल्या माणसाचा हात रोज एकाच आकड्यावर थांबत नाही, साहेब. उण्याचा आकडा म्हणजे याला दूरचं दिसत नाही.

फौजी माणूस, लगेच समजला. पण त्यांचा चेहरा आधीपेक्षा पडला. म्हणाले, "शराबी को मैं सुधार सकता हूँ. अंधे का क्या करूँ?"

मला वाटलं, वाचवायला गेलो आणि ढकलून दिलं.

खाली गेलो. डोमाजीला हाताला धरून काजळीकडे नेलं. तो वासराजवळ बसला आणि त्यानं त्याचं नाक पुसलं. मी म्हटलं, मले समजलं डोमाजी. मग तो बोलला. "गाय दिसते, बाबूजी. कोनती होय ते दिसत नाई, अन् दूरची तं बांधासारखीच दिसते. चांदीची घंटा होती तवा कामच नोतं पडत. आवाजानं समदा कळप हातात रायत होता." मी विचारलं, मग लोक बेवडा म्हणत होते तेव्हा तोंड का नाही उघडलं? तो म्हणाला, "बेवड्याले लोक गाई देते. आंधळ्याले नाई देत."

ते त्यानं उगीच म्हटलं नव्हतं. आमच्या तिकडे दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन असतं. गोवारी गाई सजवून वाजतगाजत आखरावर, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर आणतो, शेणाचा गोधन, म्हणजे गोवर्धन डोंगर मांडतात, त्यावरून गाई नेतात, आणि पुढच्या वर्षी गावाची गुरं कोणाच्या हवाली करायची हे चारचौघांत तिथेच ठरतं. डोमाजीच्या बापाचे डोळे अधू झाले तेव्हा अशाच एका पाडव्याला गावानं त्याच्यासमोर गाई दुसऱ्याला दिल्या. म्हातारा दुसऱ्या दिवशीही सवयीनं काठी घेऊन आखरावर गेला होता. लहानपणी हे पाहिलेला माणूस आपले डोळे कोणाला कसे दाखवणार?

साहेबांनी मात्र मला चकित केलं. संध्याकाळी ऑफिसात बोलावलं, दार लावायला सांगितलं, आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक चष्मा काढून नाकावर चढवला. तोवर तो कोणीही पाहिलेला नव्हता. म्हणाले, याला दुर्गला घेऊन जा आणि चष्मा करून आण. पण मला कळप फुटायला नकोय. पाडव्याला सगळ्यांसमोर त्यानं चष्मा लावून कळप आपल्याकडे बोलावला तर गाई त्याच्या. नाहीतर त्यानं आत डेअरीत दुधाच्या बाटल्या धुवायच्या. पगार तोच.

दुर्गच्या चष्मेवाल्यानं बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा करून दिला. परत येताना टांग्यात डोमाजीनं तो एकदाच लावला. रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काढून पिशवीत ठेवला. त्यानंतर मी रोज विचारायचो आणि तो रोज उद्या म्हणायचा. लोक हसतील हे होतंच, पण खरी भीती वेगळी होती. गाई वळखनार नाई, म्हणायचा. गाय माणसाला तोंडावरून आणि डोळ्यांवरून ओळखते, डोळ्यांवर काच बसवलेला माणूस तिला परका. घंटा गेली, आता तोंडही बदललं तर तिनं यावं कशाला? घोडा माणसाला आवाजानं आणि वासानं ओळखतो असं साहेब सांगत, त्यांच्या घोड्यांचे दाखले मी त्याला दिले. तो ऐकून घ्यायचा.

दुसरा कोणी असता तर बाटल्या धुवायचं काम हसत पत्करलं असतं. सावलीतलं काम, डोक्यावर पंखा, पावसात भिजणं नाही. डोमाजीचं जेवण तुटलं. त्याची बायको माझ्या बायकोकडे येऊन रडून गेली. पाळीच्या वेळी टेकाडावर दुर्बीण हातात असूनही तो ती लावेनासा झाला.

आज त्या कुरणावर क्वार्टर आहेत, शाळा आहे, एक मंगल कार्यालय आहे. पुढे दुधाच्या गाड्या बाहेरून येऊ लागल्या, डेअरी हळूहळू आटोपली, दुर्बीण स्टोअरमध्ये जमा झाली. कधी नातवाच्या गाडीवर मागे बसून तिकडून जातो तेव्हा मी उगाच टेकाड शोधतो. ते तर रस्त्याच्या भरावातच गेलं असणार. चांगलं झालं, माणसांना घरं मिळाली. पण माझ्या डोळ्यांपुढे अजून तिथे गवतच असतं, आणि तो पाडवा.

राऊतांनी आणि डोमाजीनं मिळून दर वर्षी पाडवा करायचा अशी आमची रीत पडली होती. राऊत कवड्यांची जाकिटं घालून, काठ्या नाचवत आलेले. गाईंची शिंगं रंगवलेली. वसाहतीतली माणसं पोराबाळांना घेऊन बघायला आलेली, साहेब कोट घालून खुर्चीवर. प्रत्येक गुराख्यानं मैदानाच्या एका टोकाला उभं राहून हाक द्यायची, दुसऱ्या टोकाकडून त्याचा कळप सोडायचा, आणि गाईंनी गोधनावरून चालत त्याच्याकडे यायचं. राऊतांचे तिन्ही कळप झाले. डोमाजीचा पत्ता नव्हता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी गोठ्याकडे.

मग तो गोठ्यामागून आला. पांढरं धोतर, डोक्याला लाल मुंडासं, आणि डोळ्यांवर चष्मा, पडू नये म्हणून सुतळीनं डोक्यामागे बांधलेला. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "ए दे, डागटर बाबू आगे!" म्हणजे, हे बघा, डॉक्टरबाबू आले. हशा झाला. डोमाजी थांबला नाही. आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि त्यानं हाक दिली.

कळप सुटला. चांदी पुढे, बाकीच्या मागे. अर्ध्या मैदानात येऊन चांदी थांबली. मान खाली, कान पुढे, नाकातून फुंकर. मागच्या गाईही थांबल्या. हशा बंद झाला. डोमाजीनं दुसरी हाक दिली, ती अर्ध्यावरच चिरली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे काढून टाक तो चष्मा, बाटल्या धुणं काय वाईट आहे? डोमाजीचा हात सुतळीपर्यंत गेला, तिथे क्षणभर राहिला, आणि परत खाली आला. तिसरी हाक त्यानं दिली नाही. नुसता उभा राहिला.

चांदीनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. गोधनावरून चालत ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली, त्याचे हात हुंगले, छाती हुंगली, आणि तोंड वर करून त्याचा चेहरा चष्म्यासकट चाटायला लागली. मागचा सगळा कळप येऊन त्याच्याभोवती गोळा झाला. साहेब खुर्चीवरून उठले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्याची लाज वाटली नाही. मी धावत गेलो. काचा लाळेनं पांढऱ्या झाल्या होत्या, त्याला काहीच दिसत नसणार. मी रुमाल काढून पुसायला हात पुढे केला. डोमाजीनं माझा हात धरला.

"थांबा, बाबूजी," तो म्हणाला. "आधी तिले हे नवं तोंड पाहू द्या."